नॉव्हिशिएटमध्येच राहिलेली संत : लिझ्यूची तेरेजा

१ ऑक्टोबर हा बाळ येशूच्या संत तेरेजेचा सण. मिशन रविवारच्या या महिन्याचे दार तीच उघडते. आपल्या गावोगावच्या चर्चमध्ये, घरांतील वेदींवर आणि शाळांच्या ओट्यांवर तपकिरी झग्यातील, हाती क्रूस व गुलाबाची फुले घेतलेली तिची मूर्ती दिसते. ही मूर्ती आपल्या इतकी ओळखीची झाली आहे की, तिच्यामागे एक रक्तामांसाची तरुणी होती आणि ती नऊ वर्षे एका मठात घडत होती, याचा आपल्याला सहज विसर पडतो.

या सणाच्या निमित्ताने आम्ही तिच्या चमत्कारांविषयी लिहिणार नाही. धर्मभगिनी घडते कशी, हा आमचा आजचा प्रश्न आहे. मुलीने मठात जायची इच्छा बोलून दाखवली की आईवडिलांच्या मनात शंकांचे काहूर उठते. पोर अजून लहान आहे, तिला कळते का, तिथे तिला समजून घेणारे कोणी भेटेल का, असे ते आम्हां धर्मगुरूंना विचारतात. तेरेजेच्या चरित्रात या प्रश्नांची उत्तरे आहेत, मात्र ती आपण समजतो तितकी सोपी नाहीत.

आलाँसाँचे घर

तेरेजा मार्तिन हिचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातील आलाँसाँ या गावी झाला. तिचे वडील लुई घड्याळजी होते. आई झेली ही आलाँसाँची प्रसिद्ध लेस विणणारी कुशल कारागीर होती. हाताखाली अनेक बायका घेऊन तिने स्वतःचा व्यवसाय उभा केला होता. तरुणपणी दोघांनाही मठवासी जीवनाची ओढ होती. लुई आल्प्स पर्वतातील संत बर्नार्ड यांच्या मठात गेले होते, परंतु लॅटिन येत नसल्याने त्यांना परतावे लागले. झेलीलाही भगिनींच्या संस्थेत प्रवेश मिळाला नाही. देवाने दोघांना विवाहाच्या वाटेने नेले.

त्यांना नऊ अपत्ये झाली. त्यांतील चार बालपणीच देवाघरी गेली. मारी, पॉलिन, लेओनी, सेलिन आणि सर्वांत धाकटी तेरेजा अशा पाच मुली उरल्या. पुढे या पाचही जणी धर्मभगिनी झाल्या.

तेरेजा साडेचार वर्षांची असताना, २८ ऑगस्ट १८७७ रोजी, तिची आई स्तनाच्या कर्करोगाने वारली. वडील मुलींना घेऊन लिझ्यू या गावी, त्यांच्या मामाच्या आसऱ्याला राहायला आले. तेरेजेने पॉलिनला आपली दुसरी आई मानले. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये पॉलिन लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली आणि या मुलीची आई दुसऱ्यांदा गेली. पुढच्या वर्षी तेरेजा एका विचित्र आजाराने अंथरुणाला खिळली. १३ मे १८८३ रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, खोलीतील पवित्र मरियेची मूर्ती आपल्याकडे पाहून हसल्याचे तिने अनुभवले आणि ती बरी झाली. १८८६ मध्ये थोरली मारीही त्याच मठात गेली.

हे सारे एवढ्यासाठी सांगायचे की, ही मुलगी अत्यंत हळवी होती. बारीकसारीक गोष्टींवरून ती रडे आणि रडल्याबद्दल पुन्हा रडे. अशा मुलीला मठात घ्यावे असे कोणत्याही अनुभवी नॉव्हिस मिस्ट्रेसला वाटले नसते. बदल घडला तो १८८६ च्या नाताळच्या रात्री. मिस्साहून परतल्यावर शेकोटीजवळ ठेवलेल्या बुटांतून भेटवस्तू काढण्याची लहान मुलांची रीत तिच्यासाठी अजून पाळली जात होती. थकलेले वडील, हे आता शेवटचेच वर्ष असे काहीसे पुटपुटले आणि ते जिन्यावरून जाणाऱ्या तेरेजेच्या कानी पडले. एरवी तिने घर डोक्यावर घेतले असते. त्या रात्री तिने डोळे पुसले, खाली येऊन हसतमुखाने भेटवस्तू उघडल्या आणि वडिलांना हसवले. ख्रिस्तजयंतीच्या त्या रात्री आपले बालपण संपले, असे ती पुढे मानत असे.

बंद दार

१८८७ च्या पेंटेकॉस्टच्या दिवशी तिने बागेत बसलेल्या वडिलांकडे कार्मेलमध्ये जाण्याची परवानगी मागितली. दोन मुली आधीच मठात गेलेल्या त्या विधुर पित्याने रडत होकार दिला आणि भिंतीलगतचे एक लहानसे पांढरे फूल मुळासकट उपटून तिच्या हाती ठेवले. तेरेजेने ते जपून ठेवले.

वडिलांनी हो म्हटले तरी ख्रिस्तसभेचे अधिकारी तयार नव्हते. मठाची जबाबदारी असलेले धर्मगुरू देलात्रोएत यांनी एकविसाव्या वर्षापर्यंत थांबण्यास सांगितले. ऑक्टोबर अखेरीस वडील तिला घेऊन बायो येथे बिशप महोदयांना भेटले. आपण मोठ्या दिसावे म्हणून तेरेजेने प्रथमच केस वर बांधले होते. बिशपांनी निर्णय लांबणीवर टाकला.

त्यानंतर धर्मप्रांताच्या यात्रेबरोबर वडील आणि मुली रोमला गेल्या. २० नोव्हेंबर १८८७ रोजी पोप तेरावे लिओ यांच्या भेटीच्या वेळी कोणीही त्यांच्याशी बोलू नये अशी सक्त ताकीद होती. तेरेजेने ती मोडली. पोप महोदयांच्या पायाशी बसून तिने पंधराव्या वर्षी मठात जाण्याची अनुमती मागितली. वरिष्ठ सांगतील तसे कर, देवाची इच्छा असेल तर तुला प्रवेश मिळेल, अशा आशयाचे उत्तर पोप महोदयांनी दिले. ती उठेना, तेव्हा रक्षकांना तिला उचलून बाजूला न्यावे लागले. अखेर वर्ष संपता संपता बिशपांची संमती आली आणि ९ एप्रिल १८८८ रोजी, वयाच्या पंधरा वर्षे तीन महिन्यांनी, तिने मठाचा उंबरठा ओलांडला.

हा प्रसंग सांगताना आम्हाला देलात्रोएत यांचीही बाजू घ्यावीशी वाटते. ते दुष्ट नव्हते. आईविना वाढलेली, हळवी, दोन बहिणी आत असलेली पंधरा वर्षांची मुलगी प्रवेश मागते, तेव्हा सावध राहणे हे जबाबदार माणसाचे कामच आहे. ती देवासाठी येते आहे की बहिणींसाठी, हा प्रश्न त्यांनी विचारायलाच हवा होता. आज ख्रिस्तसभा उमेदवारांची अधिक काळजीपूर्वक पारख करते आणि ते योग्यच आहे. तेरेजेचे पाचारण खरे होते हे तिच्या हट्टाने सिद्ध झाले नाही. दार उघडल्यानंतरच्या नऊ वर्षांनी ते सिद्ध केले.

कार्मेलचा दिवस

आविलाच्या संत तेरेजेने १५६२ साली स्पेनमध्ये सुधारित कार्मेलचा पहिला मठ स्थापन केला. थोड्या भगिनी, कडक एकांत, गरिबी आणि सर्व वेळ प्रार्थनेचे वातावरण हे तिचे सूत्र होते. लिझ्यूचा मठ १८३८ साली स्थापन झाला होता. संस्थापक भगिनींपैकी मदर जनव्हिएव्ह तेरेजा आली तेव्हा हयात होत्या.

उन्हाळ्यात पावणेपाचला आणि हिवाळ्यात पावणेसहाला दिवस सुरू होई. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मौन चिंतन, पवित्र मिस्सा, दिवसभरात ठरलेल्या वेळी स्तोत्रपठण आणि उरलेल्या वेळात हातकाम असा क्रम असे. मांसाहार वर्ज्य होता. १४ सप्टेंबर ते ईस्टर असा लांबलचक उपवास असे. दिवसातून दोनदा सर्व भगिनी एकत्र बसून मोकळेपणी बोलत, बाकी वेळ मौन. नॉर्मंडीच्या दमट, बोचऱ्या थंडीत एकाच खोलीत शेकोटी पेटे. झोपायच्या खोल्या थंडगार असत आणि त्या थंडीचा त्रास तेरेजेला अखेरपर्यंत झाला.

बाहेरून पाहणाऱ्याला उपवास आणि थंडी हीच मठातील कठीण गोष्ट वाटते. आत राहणाऱ्याला ठाऊक असते की खरी कसोटी माणसांची असते. पंचवीसेक स्त्रिया, वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या घरांतून आलेल्या, एकमेकींची निवड न केलेल्या, आयुष्यभर एकाच छताखाली राहतात. आम्ही सेमिनरीत जी वर्षे काढली त्यांच्या आधारे एवढे नक्की सांगू शकतो की, पहाटेच्या घंटेची सवय काही महिन्यांत होते, शेजारच्या खोलीतील माणसाची सवय व्हायला पुष्कळ अधिक काळ लागतो.

मठप्रमुख मदर मारी द गोंझाग या करारी आणि लहरी स्वभावाच्या होत्या. त्यांनी तेरेजेचे कौतुक मनात ठेवले आणि तोंडाने तिला सतत झापले. ओसरीच्या कोपऱ्यात कोळ्याचे जाळे राहिले तेव्हा, ही ओसरी पंधरा वर्षांच्या पोरीने झाडली आहे हे दिसतेच आहे, अशा अर्थाचे बोलणे तिला सर्वांसमोर ऐकावे लागले. एकदा दुसऱ्याच कोणाच्या हातून फुटलेल्या लहानशा भांड्याचा दोष तिच्यावर आला. तिने खुलासा न करता जमिनीचे चुंबन घेतले आणि पुढे अधिक काळजी घेण्याचे वचन दिले. हे तिला सोपे गेले नाही आणि तसे तिने लपवलेही नाही. तिच्या खोलीतील सुबक सुरई नेऊन तिथे कानकोपरे उडालेली एक सुरई ठेवण्यात आली, तेव्हा मात्र तिला आनंद झाला. गरिबीचे व्रत म्हणजे आवडत्याच नव्हे तर गरजेच्या वस्तूही दुसऱ्याने नेल्यास शांत राहणे, हे ती अशा वस्तूंपासून शिकली.

बहिणींच्या बाबतीत तिने स्वतःला विशेष कडक शिस्त लावली. त्या ज्या घरात होत्या त्याच घरात राहून ती त्यांच्याकडे धावत गेली नाही. देलात्रोएत यांच्या शंकेला तिने असे कृतीने उत्तर दिले.

वडिलांचे दुःख आणि व्रते

१० जानेवारी १८८९ रोजी तिने मठाचे वस्त्र परिधान केले. त्या दिवशी बर्फ पडावे अशी तिची बालसुलभ इच्छा होती आणि समारंभानंतर अंगण खरोखर पांढरेशुभ्र झाले. वडील समारंभाला हजर होते. तो त्यांचा शेवटचा आनंदाचा दिवस ठरला. महिनाभरातच त्यांच्या मेंदूचा विकार बळावला आणि १२ फेब्रुवारीला त्यांना काँ शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तिथे ते तीन वर्षांहून अधिक काळ होते. मुली एकामागून एक मठात गेल्या म्हणून बापाचे डोके फिरले, अशी कुजबुज गावात होती. ती मठाच्या भिंतींच्या आतही पोहोचली.

नॉव्हिशिएटच्या या काळात येशूच्या पवित्र मुखाची भक्ती तेरेजेच्या मनात रुजली. थुंकलेले, रक्ताळलेले, ओळखू न येणारे ते मुख तिला आपल्या वडिलांच्या चेहऱ्यात दिसू लागले. बाळ येशूची आणि पवित्र मुखाची तेरेजा हे तिचे पूर्ण नाव आहे. आपण त्यातील पहिला अर्धा भाग तेवढा लक्षात ठेवला आणि त्यामुळे ही संत आपल्याला जरा अधिकच गोड वाटू लागली.

तिची व्रते आणखी आठ महिने पुढे ढकलण्यात आली. ८ सप्टेंबर १८९० रोजी, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, तिने आजन्म व्रते घेतली. आदल्या रात्री एक वादळ आले. आपल्याला पाचारण नाहीच, आपण सर्वांना फसवत आहोत, असे तिला वाटू लागले. इतकी वर्षे जिच्यासाठी झगडली ती वाट अचानक तिला परकी वाटली. तिने काय केले? नॉव्हिस मिस्ट्रेसला हाक मारून सर्व सांगितले. सांगता सांगताच शंका विरली. मदर गोंझाग यांनाही तिने ते सांगितले, तर त्या नुसत्या हसल्या. शंका आली यात लाज नाही, ती एकट्याने कवटाळून बसू नये, एवढे शहाणपण अठराव्या वर्षाच्या आत तिच्यापाशी आले होते.

पुढे जाण्यास नकार

१८९१ च्या अखेरीस फ्लूची साथ मठात शिरली. जानेवारी १८९२ च्या आरंभी, तेरेजेच्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, काही दिवसांतच तीन भगिनी दगावल्या. तेरेजा आणि आणखी दोघी तेवढ्या आपल्या पायांवर उभ्या होत्या. आजाऱ्यांची शुश्रूषा, मृतांची तयारी, चर्चमधील व्यवस्था हे सारे तिने शांतपणे पार पाडले. तिच्या प्रवेशाला विरोध करणाऱ्या देलात्रोएत यांचे तिच्याविषयीचे मत त्यानंतर बदलले.

२० फेब्रुवारी १८९३ रोजी तिची बहीण पॉलिन, म्हणजे मदर अॅग्नेस, मठप्रमुख निवडून आल्या. मदर गोंझाग नॉव्हिस मिस्ट्रेस झाल्या आणि तेरेजेला त्यांच्या मदतीला देण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियमानुसार तिने नॉव्हिशिएटमधून बाहेर पडायला हवे होते. एका घरातील दोन भगिनी आधीच मठाच्या सभेत असल्याने तिसरीला तिथे मताचा अधिकार मिळणार नव्हता. तिने आपण होऊन नॉव्हिशिएटमध्येच राहण्याची परवानगी मागितली. ती मिळाली आणि मृत्यूपर्यंत ती तिथेच राहिली. पुढची वर्षे लहानसहान गोष्टींसाठी तिला नॉव्हिसप्रमाणे परवानगी मागावी लागली. मठाच्या निर्णयांत तिला कधीही मत नव्हते.

या निर्णयाकडे आम्ही सर्वांचे लक्ष वेधू इच्छितो. आपल्याकडे प्रशिक्षण हा एक टप्पा समजला जातो. तो संपला, दीक्षा झाली, व्रते झाली, की आता आपल्याला कोणी शिकवायचे नाही अशी आपली समजूत होते. आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेलो नाही. तेरेजेने आपण अजून घडत आहोत हे स्वतःसाठी कायमचे मान्य केले आणि म्हणूनच कदाचित इतरांना घडवण्यास ती योग्य ठरली.

नावाविना नॉव्हिस मिस्ट्रेस

२१ मार्च १८९६ च्या निवडणुकीत मतांच्या सात फेऱ्या झाल्या, इतका तो मठ विभागलेला होता. अखेर मदर गोंझाग पुन्हा मठप्रमुख झाल्या. त्यांनी नॉव्हिस मिस्ट्रेसचे पद स्वतःकडेच ठेवले आणि प्रत्यक्ष काम तेरेजेवर सोपवले. पद दुसऱ्याचे आणि भार आपला, अशी ही अवस्था होती. तिच्याकडे पाच जणी होत्या. त्यांतील सिस्टर जनव्हिएव्ह ही तिची सख्खी बहीण सेलिन. वडिलांची अखेरपर्यंत सेवा करून, जुलै १८९४ मध्ये त्यांना निरोप दिल्यावर ती मठात आली होती. दुसरी तिची मामेबहीण मारी गेरँ. सिस्टर मार्था वयाने तिच्याहून मोठी होती. सिस्टर मारी ऑफ द ट्रिनिटी पॅरिसच्या कार्मेलमधून प्रकृतीच्या कारणाने परत येऊन इथे नव्याने दाखल झाली होती.

या पाच जणींशी ती कशी वागली, हे धर्मभगिनी घडवणाऱ्या प्रत्येकीने वाचावे. सिस्टर मार्था मदर गोंझाग यांच्या मायेत इतकी गुरफटली होती की त्यात देवापेक्षा त्या मदरच मोठ्या झाल्या होत्या. १८९२ च्या डिसेंबरमध्ये तेरेजेने धाडस करून तिला ते स्पष्ट सांगितले. ही गोष्ट मठप्रमुखांच्या कानी गेली असती तर आपली रवानगी दुसऱ्या मठात होईल, याची तिला जाणीव होती. मार्थेने ते ऐकले आणि ती सुधारली.

सिस्टर मारी ऑफ द ट्रिनिटी जराशा कारणावरून रडे. एके काळी तेरेजाही तशीच होती. तिने उपदेश केला नाही. चित्रकलेच्या सामानातील एक शिंपला तिच्या हाती दिला आणि आसवे गाळायचीच असतील तर ती यात गोळा कर, असे सांगितले. एवढ्याशा शिंपल्यात आसवे गोळा करता करता त्या मुलीला हसू येई आणि रडे थांबे. सर्वांना एकच माप लावून चालत नाही, कोणाला लगाम हवा तर कोणाला धीर, हे तेरेजेने लवकरच ओळखले. आपले स्वतःचे आवडते मार्ग दुसरीवर लादायचे नाहीत, हा तिचा नियम होता.

नॉव्हिसांना तिच्याविषयी वाटेल ते बोलण्याची मोकळीक होती आणि त्या ती वापरत. एकदा एका नॉव्हिसने तिच्यातील खटकणाऱ्या सर्व गोष्टी तिला तोंडावर सांगितल्या. स्तुतीच्या गोडाने विटलेल्या जिभेला हे आंबट सॅलड रुचकर लागले, अशा प्रकारे तिने त्याचे वर्णन केले.

ती स्वतः शिकत होती ते रोजच्या माणसांपासून. वृद्ध, कुरकुरणाऱ्या सिस्टर सेंट पिएर यांना संध्याकाळी चर्चमधून भोजनगृहात नेण्याचे काम तिने मागून घेतले. कशीही नेली तरी म्हातारी रागावेच. तेरेजा त्यांचा पट्टा धरून हळूहळू चालवी, पाव कापून देई आणि जाताना हसून निरोप घेई. एका भगिनीचा स्वभाव तिला अगदी सहन होत नसे. तिच्याशी ती इतक्या प्रेमाने वागे की, माझ्यात तुला एवढे काय आवडते, असे त्या भगिनीनेच तिला विचारले. धुण्याच्या वेळी समोरची भगिनी घाण पाणी तोंडावर उडवी, तेव्हा चेहरा पुसून आपली नाराजी दाखवण्याचा मोह तिने आवरला. या गोष्टी इतक्या लहान आहेत की सांगायलाही संकोच वाटावा. पण मठातच काय, सासू-सुनेच्या, भावा-भावांच्या, एका ऑफिसातील माणसांच्या जीवनात याहून मोठ्या गोष्टी रोज कुठे घडतात?

छोटा मार्ग

याच वर्षांत तिला तिचा छोटा मार्ग सापडला. मोठ्या संतांशी तुलना केली की आपण डोंगरासमोरच्या वाळूच्या कणासारख्या आहोत असे तिला दिसे. सेलिनने मठात येताना जुन्या करारातील उतारे उतरवून घेतलेली एक वही आणली होती. त्यात नीतिसूत्रे आणि यशया या पुस्तकांतील वचने तिला भेटली. लहानांना देव बोलावतो आणि आई लेकराला खेळवते तसे तो त्यांना मांडीवर खेळवतो, हा त्यांचा आशय होता. प्रवासात श्रीमंतांच्या घरी व हॉटेलांत तिने लिफ्ट पाहिली होती. जिना चढण्याची ताकद नसलेल्याला येशूचे बाहूच लिफ्टप्रमाणे वर नेतील, असे तिने ताडले. त्यासाठी मोठे होण्याची नव्हे, लहानच राहण्याची गरज होती. ९ जून १८९५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणाला, तिने स्वतःला देवाच्या दयाळू प्रेमाला अर्पण केले.

देवाच्या न्यायाच्या भीतीने तेव्हाचे अनेक भाविक दबून गेले होते. कार्मेलमधील काही भगिनींची श्रद्धाही त्याच वळणाची होती. अशा घरात एक तरुण भगिनी विश्वास आणि प्रेम यांची वाट दाखवू लागली. १८९१ च्या वार्षिक तपसाधनेत फ्रान्सिस्कन धर्मगुरू अलेक्सी प्रू यांनी तिला याच दिशेने जाण्याचा धीर दिला होता. मठातील इतरांना त्यांची तपसाधना फारशी रुचली नव्हती. एका धर्मगुरूच्या काही शब्दांनी एक जीव कसा मोकळा होऊ शकतो, याचे हे उदाहरण आम्हां उपदेश करणाऱ्यांना दिलासा देते.

अंधार

२ एप्रिल १८९६ च्या पवित्र गुरुवारच्या मध्यरात्रीनंतर तिच्या तोंडातून रक्त आले. क्षयरोगाची ती पहिली खूण होती. त्याच ईस्टरच्या दिवसांत तिच्या श्रद्धेवर अंधार पसरला आणि तो अखेरपर्यंत पूर्णपणे हटला नाही. स्वर्ग नाहीच, मृत्यूनंतर काहीच नाही, असे विचार तिला छळू लागले. देव न मानणारी माणसे खरोखर असतात हे तिला प्रथमच आतून कळले. तिने त्यांच्याबरोबर एकाच मेजावर दुःखाची भाकरी खाण्याची तयारी दाखवली आणि त्यांच्यासाठी प्रार्थना केली. आपल्या रक्ताने विश्वासांगीकार लिहून तो तिने छातीशी बाळगला. या काळात तिने लिहिलेली आनंदाची गीते वाचून भगिनींना वाटे, हिला स्वर्ग अगदी जवळ दिसतो आहे. तिला त्यातले काहीच दिसत नव्हते. जे मानायचे ठरवले त्याचे ती गाणे गात होती.

तेरा वर्षांच्या वयापर्यंत जिला वडिलांचे एक वाक्य लागत असे, तिने चोविसाव्या वर्षी हा अंधार पेलला. प्रशिक्षणाचे फळ कुठे पाहायचे, असे कोणी विचारले तर आम्ही इथे बोट दाखवू.

हनोईच्या नव्या कार्मेलमध्ये जाण्याची तिची फार इच्छा होती. लिझ्यूच्या भगिनींनी १८६१ साली सायगॉनला मठ स्थापला होता आणि तिथून १८९५ मध्ये हनोईची शाखा निघाली होती. आजाराने ती वाट बंद केली. मोरिस बेलिएर आणि चीनला गेलेले फादर आदोल्फ रुलाँ या दोघांना आध्यात्मिक भाऊ मानून ती पत्रांनी व प्रार्थनेने त्यांच्या प्रेषितकार्यात सहभागी झाली. ८ जुलै १८९७ रोजी तिला आजाऱ्यांच्या खोलीत हलवण्यात आले. ३० सप्टेंबर १८९७ रोजी संध्याकाळी तिने देह ठेवला. तेव्हा तिचे वय २४ वर्षे होते.

मठाच्या भिंतींबाहेर

मदर अॅग्नेस यांच्या आज्ञेवरून १८९५ मध्ये तिने आपल्या आठवणी शाळेच्या वहीत लिहायला घेतल्या होत्या. शेवटचा भाग तिने मदर गोंझाग यांच्या सांगण्यावरून जून १८९७ मध्ये लिहिला. बरोबर वर्षानंतर, ३० सप्टेंबर १८९८ रोजी, मदर अॅग्नेस यांनी संस्कार करून ‘एका आत्म्याची कहाणी’ हे पुस्तक २००० प्रतींत प्रसिद्ध केले. तिचे मूळ हस्तलिखित जसेच्या तसे वाचकांपुढे यायला १९५६ साल उजाडले.

पोप अकरावे पायस यांनी तिला १९२३ मध्ये धन्य आणि १७ मे १९२५ रोजी संत घोषित केले. मठाबाहेर कधी न पडलेल्या या भगिनीला त्यांनी १९२७ मध्ये, ज्यांचे पवित्र अवशेष आपल्या गोव्यात आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने, मिशनकार्याची आश्रयदाती केले. १९ ऑक्टोबर १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता हा मान दिला. तिचे आईवडील लुई आणि झेली यांना २०१५ मध्ये एकत्रच संतपद मिळाले. तिच्या जन्माला १५० वर्षे झाली त्या २०२३ साली पोप फ्रान्सिस यांनी विश्वासाच्या तिच्या शिकवणीवर एक प्रेषितीय उपदेशपत्र लिहिले.

भारताशी तिचे आणखी एक नाते आहे. अॅग्नेस बोयाजियू या लोरेटो संस्थेच्या तरुण भगिनीने याच संतेचे नाव धारण केले आणि १९३१ मध्ये दार्जीलिंग येथे पहिली व्रते घेतली. कोलकात्याच्या मदर तेरेसा म्हणून जग तिला ओळखते. मदरांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनीही अनेक वर्षे तसाच अंधार सोसल्याचे जगाला कळले.

आपल्यासाठी

तर मग त्या आईवडिलांना आम्ही काय सांगावे? मुलगी हळवी आहे म्हणून तिचे पाचारण खोटे ठरत नाही, आणि ती हट्टाने मागते म्हणून खरेही ठरत नाही. तिला वेळ द्या, वरिष्ठांना तिची पारख करू द्या. मठात तिला सगळी माणसे समजूतदार भेटतील असे वचन आम्ही देऊ शकत नाही. तेरेजेला भेटली नाहीत. मात्र मन उघडे करण्याजोगी एक तरी व्यक्ती तिथे असली पाहिजे, याची काळजी घेणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. व्रतांच्या आदल्या रात्री दार ठोठावल्यावर ऐकून घेणारे कोणी नसते, तर ही संत आपल्याला लाभली असती का?

आपल्या धर्मप्रांतात आज ज्या मुली उमेदवार वा नॉव्हिस म्हणून घडत आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांना घडवणाऱ्या भगिनींसाठी या महिन्यात रोज एक प्रार्थना करू या. ज्या आईवडिलांनी लुई मार्तिन यांच्याप्रमाणे डोळ्यांत पाणी आणून होकार दिला, त्यांचीही आठवण ठेवू या. बाळ येशूच्या आणि पवित्र मुखाच्या संत तेरेजे, आम्हांसाठी विनंती कर.